हालचाल नाही

मावशीनं टेबलावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग जरा जोरात केलं. तिसऱ्या वेळी तिनं बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं, कारण खुर्चीतली मुलगी अजूनही समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि त्या भिंतीवर काहीही नव्हतं.

"ही जागा माझी आहे," मागे उभा असलेला कायद्याचा विद्यार्थी कुजबुजला. त्यानं मोबाइल मावशीच्या नाकासमोर धरला. "तीनशे एकेचाळीस. नऊ अठ्ठेचाळीसला मिळालीय. सिस्टिम म्हणते, जागा रिकामी आहे."

"वाचलंय मी."

"मग ही कोण बसलीय?"

मावशीनं खाली बघितलं. तिच्या हातातल्या यंत्रावर चार ओळी होत्या.

जागा ३४१.
तीस मिनिटं हालचाल नाही.
जागा रिकामी असल्याचं प्रत्यक्ष पाहिलं? होय.
जागा पुढच्याला दिली.

त्यातलं 'होय' तिनंच दाबलं होतं. दहा मिनिटांपूर्वी, तळमजल्यावर, स्टुलावर बसून.

विद्यापीठाच्या ह्या ग्रंथालयात बसायच्या जागा चारशे आणि बसणारे त्याच्या तिप्पट. पूर्वी मुलं रुमाल टाकून, वही ठेवून जागा अडवायची. त्यावरून भांडणं जुंपायची. एकदा प्रकरण शब्दकोश फेकून मारण्यापर्यंत गेलं होतं. आता जागा मोबाइलवरून धरायची. प्रत्येक टेबलाखाली काडेपेटीएवढी पांढरी डबी बसवलेली होती. डबीला माणूस कळत नसे, हालचाल कळे. अर्धा तास काहीच हललं नाही की मावशीच्या हातातलं यंत्र थरथरायचं. तिनं जाऊन बघायचं आणि माणूस खरंच उठून गेलेला असेल तर 'होय' दाबायचं. आठवड्यात तीनदा असं झालं की त्या माणसाला तीस दिवस जागा बंद.

मजल्यांवरून ती अशी सुसाट फिरायची की मुलांनी तिचं नाव वावटळ ठेवलं होतं. पण यंदा डाव्या गुडघ्यानं दगा दिला. लिफ्ट होती ती फक्त पुस्तकांसाठी. ऐंशी वेळा जिने चढून बघितलं, ऐंशी वेळा खुर्ची रिकामी निघाली. मग एक्क्याऐंशीव्या वेळी वर कशाला मरायचं? डबी खोटं बोलत नाही हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. गुडघा तर मुळीच खोटं बोलत नव्हता.

ती वाकली. मुलीचे डोळे उघडे होते. डावा हात गालाखाली, उजवा टेबलावर उताणा. पुढ्यात एकच कागद, त्यावर तीन ओळी, आकडे कमी आणि खुणा जास्त. तिनं मुलीच्या गळ्याकडे बघितलं. कातडीखाली एक इवलंसं ठिकाण उडत होतं. तेवढंच. बाकी सगळी मुलगी कुठल्या कुठे गेलेली होती आणि ते एक ठिकाण मागे पहाऱ्याला ठेवलेलं होतं.

मावशीनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा मुलगी हळूहळू परत आली. आधी डोळे, मग तोंड.

"अं? मावशी? किती वाजले?"

"दहा वाजायला दोन मिनिटं."

"छे. आत्ता तर आठ वाजले होते."

"बघा, हिला टायमाचंही भान नाही," कायद्याचा विद्यार्थी म्हणाला. "नियम सहा..."

"तुझा नियम सहा घे आणि तीनशे बारावर जाऊन बस. तिथे हवा चांगली येते."

"तिथे चार्जिंग नाही."

"तोंड बंद ठेव, मोबाइल आपोआप टिकेल. जा."

तो गेला. तेवढ्यात मुलीचा मोबाइल उजळला. तिनं वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"तीस दिवस?" ती म्हणाली. "म्हणे सोमवारी उठून गेले. काल उठून गेले. आज उठून गेले. मावशी, मी तर उठलेच नाही. एकदाही नाही."

मावशी टेबलावरची नसलेली धूळ पुसू लागली.

*

दुपारी ग्रंथपालांच्या खोलीत मुलीचा अर्ज टेबलाच्या मधोमध होता. ग्रंथपाल नीटनेटके गृहस्थ. पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार लावायचे. त्यांच्या बाजूला सिस्टिमवाला, म्हणजे ज्यानं डब्या बसवल्या तो, मांडीवर टॅबलेट घेऊन.

"एकवीस दिवसांनी प्रबंध द्यायचाय," मुलगी सांगत होती. "एका सिद्धतेतली एक पायरी अडलीय. दीड वर्षं. घरी ताईची जुळी आहेत, अडीच वर्षांची. तिथे बेरीज होत नाही सर, हे कुठून होणार?"

"पण जागा सोडून जाता कशाला मग?"

"सोडून जात नाही. विचार करत बसते. तुमच्या डबीला मी दिसत नसेन."

सिस्टिमवाला हसला. "अहो, ती डबी पान उलटलेलं पकडते. सुस्कारा पकडते. जिवंत माणूस अर्धा तास तिच्यापासून लपूच शकत नाही."

"माझ्याकडे उलटायला पान नसतं."

"आणि असं बघा," ग्रंथपाल मऊपणे म्हणाले, "आपण नुसत्या यंत्रावर विसंबून नाही. तिन्ही वेळा बाईंनी वर येऊन डोळ्यांनी बघितलंय. तशी नोंद आहे. बाई इथे बारा वर्षं आहेत. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. काय बाई, बघितलंत ना?"

मावशी दाराशी उभी होती. तिनं पदर एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"यंत्रात आहे ना सर," ती म्हणाली.

मुलीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादी ओळ वरच्या ओळीतून निघत नसावी आणि चूक आपलीच असेल असं समजून ती पुन्हा तपासावी, तसं. मावशीला शिवी परवडली असती.

शेवटी ग्रंथपालांनीच तोड काढली. उद्या अकरा वाजता, त्याच जागेवर, सगळ्यांसमोर. अर्धा तास. डबीला मुलगी दिसली नाही तर बंदी मागे.

"मला मुद्दाम नाही जमायचं," मुलगी म्हणाली.

"का? रोज तर जमतं म्हणता."

"रोज मला माहीत नसतं ना, की जमतंय."

जिन्यात सिस्टिमवाल्यानं मावशीला गाठलं. "मावशी, चेहरा का पाडलाय? उद्या ती हलणार. कुणीही हलतं. मी स्वतः करून बघितलंय, नऊ मिनिटांच्या पुढे जाता येत नाही." मग त्याला आपलंच बोलणं गमतीदार वाटलं. "आणि समजा नाही हलली, डबी फसली, तर मग खरी पंचाईत तुमची. डबीला नाही दिसली, कबूल. तुम्हाला कशी नाही दिसली?"

तो हसत हसत दोन-दोन पायऱ्या उतरून गेला. मावशी कठडा धरून तिथेच उभी राहिली. तिचं कंत्राट वर्षावर्षाचं होतं आणि पुढच्या महिन्यात संपत होतं. त्या कागदावर सही ग्रंथपालांचीच लागायची.

*

संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसली.

नवरा भाजीची पिशवी घेऊन आला आणि उंबऱ्यातच थबकला. "काय गं? बरं नाही का?"

"काही झालेलं नाही. बसलेय."

"लग्नाला तेवीस वर्षं झाली. तुला अशी नुसती बसलेली पहिल्यांदाच बघतोय. डॉक्टरला बोलावू?"

"बोलू नका. घड्याळ बघा फक्त."

पहिल्या मिनिटात तिला पाठ खाजली. दुसऱ्यात आठवलं, वाळत घातलेले कपडे. मग नाक. मग तिनं एक गोष्ट धरून ठेवायची ठरवली, त्या मुलीनं धरली असेल तशी, पण धरायला घेतलं की तेच समोर यायचं: वळलेली मान, तपासणारे डोळे. ती ताडकन उठली.

"किती झालं?"

"साडेतीन मिनिटं. त्यातही पाय हलत होता."

"मोजायला सांगितलं होतं, चुका काढायला नाही."

कांदा चिरता चिरता तिच्या मनात आलं, हातपाय थांबवणं हे काहीच नाही. ते मेलेलाही करतो. ही मुलगी आत केवढं काय पळवत असेल, की बाहेर हलवायला काही उरतच नाही.

*

अकरा वाजून दोन मिनिटं. तिसरा मजला, शांत कक्ष. पुस्तकांच्या घोड्यांच्या, म्हणजे उंच मांडण्यांच्या, पोटात बसवलेली ही खोली. खिडकी नाही, सहा टेबलं, त्यातली पाच आज मुद्दाम रिकामी. मुलगी तीनशे एकेचाळीसवर. बाकी तिघं दाराजवळच्या भिंतीला टेकून. सिस्टिमवाल्याच्या टॅबलेटवर जागेचा ठिपका लाल. लाल म्हणजे माणूस आहे.

चार मिनिटं. मुलीनं केस कानामागे घेतले.

सहा. कागद सरळ केला. तो सरळच होता.

सहा आणि थोडं. "माफ करा," म्हणाली, आणि आपण बोललो म्हणून पुन्हा एकदा "माफ करा" म्हणाली.

अकरा. तिनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं सैरावैरा.

चौदा. खुर्ची करकरली.

मावशीच्या जिवात जीव आला. आणि तो आला ह्याचीच तिला लाज वाटली.

"झालं तर मग," ग्रंथपाल म्हणाले. आवाजात विजय नव्हता. उलट थोडी निराशाच होती. त्यांनी अर्जाची घडी घातली. "प्रयत्न केलात, ठीक आहे. नियम नियम आहे."

मुलीनं मान हलवली. "सर, आज बसू का इथेच? जेवढं मिळेल तेवढं?"

"बारापर्यंत बसा. त्यालाही खरं तर मला अधिकार नाही."

ते दोघे दाराकडे वळले. दुसऱ्या मजल्यावरच्या सात मोडक्या खुर्च्यांचं काय करायचं, हे ग्रंथपालांना विचारायचं होतं आणि सिस्टिमवाल्याचं म्हणणं होतं की खुर्च्या हा आपला प्रांत नाही. मावशी रिकाम्या टेबलांच्या खुर्च्या आत सारू लागली. एक सारली. दुसरी सारताना तिनं सहज वर बघितलं.

मुलीनं कागदावर एक ओळ लिहिली. थोडा वेळ बघून तिच्यावर काट मारली. पेन खाली ठेवलं, म्हणजे ठेवायला गेली आणि ते कागदाजवळ बोटांतून सुटलं. ती ते उचलायला गेली नाही.

मावशीनं तिला जाताना पाहिलं.

आधी पाय थांबला, जो मघापासून टेबलाखाली नाचत होता. मग खांदे. मग हात गालाखाली गेला आणि तिथे पोचून तो हात राहिला नाही, टेकू झाला. कपाळावरची आठी सपाट झाली. शेवटी डोळे कागदावरून उठले, भिंतीपर्यंत गेले आणि भिंतीतून पलीकडे. कुणी लांबच्या प्रवासाला निघताना घरातली एकेक खिडकी लावून घेतं, घाई न करता, आणि मग बाहेरून दार ओढलेलं ऐकू येतं. दाराचा तो आवाज मावशीनं ऐकला अशी तिची खात्री होती.

तिनं दाराकडे तळहात केला. थांबा.

ग्रंथपाल 'मोडक्या'वर थांबले. पुढचं 'खुर्च्या' त्यांच्या तोंडातच राहिलं. सिस्टिमवाल्यानं मावशीच्या तळहाताकडे बघितलं, मग मुलीकडे, मग टॅबलेटकडे आणि कोपऱ्यात हालचालीविना गेलेली मिनिटं मोजली जात होती त्यांवर बोट टेकवलं.

पाच.

ह्याच वेळी निघून जाता आलं असतं. 'चला सर, पाणी आणते' एवढं म्हटलं की पुरे. एक खुर्ची जमिनीवरून जरा ओढली की पुरे. खुर्ची मावशीच्या हातातच होती. तिनं ती सोडली नाही, उचललीही नाही.

नऊ.

सिस्टिमवाल्याचा चेहरा बदलला. नऊ हा त्याचा आकडा होता.

तेरा. ग्रंथपालांच्या खिशात मोबाइल गुरगुरला. त्यांनी कापडावरूनच तो दाबून धरला, रडणाऱ्या लेकराचं तोंड झाकावं तसा, आणि धरलेला हात तिथेच ठेवला.

सोळा.

सतरा मिनिटांनी मावशीच्या लक्षात आलं की आपण मनात काहीतरी पुटपुटतोय. हलू नकोस. हलू नकोस गं. तिला वाटलं होतं आपण देवाचं नाव घेतोय. ती दचकली. हे मागणं कुणाच्या बाजूचं आहे हे तिला कळत होतं. प्रत्येक मिनिट तिच्या बारा वर्षांतून कापलं जात होतं, आणि तरी अठरावं मिनिट आलं तेव्हा तिला हायसं वाटलं. एकोणिसावं आलं तेव्हा जास्तच. गुडघा ठणकत होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा, लांबून.

तिनं अख्खं आयुष्य माणसं बघितली होती. वाचणारी, डुलक्या काढणारी, नखं खाणारी, परीक्षेच्या आधी रडणारी. इतकी वर्षं ती त्यांच्या मधून गेली होती आणि ती काय करताहेत हे आपल्याला माहीत आहे असं समजत होती. जागा अडवतात, दुसरं काय. समोर एक मुलगी काहीच करत नव्हती आणि ते काहीच-न-करणं एवढं मोठं होतं की खोली त्याला अपुरी पडत होती. घोड्यांवरची हजारो पुस्तकं भिंतीपलीकडे पाठ करून उभी होती. ती सगळी कधीतरी अशीच, कुणाच्या तरी अशा बसण्यातून...

बावीस.

चोवीस.

खोलीतले दिवे गेले.

वीज नव्हती गेली. दाराबाहेर उजेड तसाच होता. शांत कक्षातले दिवेही असल्याच एका डबीवर चालत, छतातल्या. दहा मिनिटं खोलीत कुणीच हललं नाही की ती आपणहून दिवे मालवी. असं झालं की कुणीतरी वैतागून हात हवेत फिरवायचं आणि दिवे लागायचे. रोजचंच होतं.

कुणी हात फिरवला नाही.

दाराच्या फटीतून आलेल्या उजेडात मुलीचा गाल आणि मनगट एवढंच दिसत होतं. अंधार झालेला तिला कळलाच नव्हता. ती जिथे होती तिथे आपला वेगळा उजेड असणार. ग्रंथपालांचा हात अजून खिशावर होता. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि त्या अर्ध्या अंधारात ते, पेन्सिली उंचीनं लावणारे ते गृहस्थ, अगदी लहान दिसत होते. कुणी पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेलेलं मूल असावं तसे.

सव्वीस. सत्तावीस.

आता मिनिटं कुणी मोजत होतं की नाही, कोण जाणे. टॅबलेट सिस्टिमवाल्याच्या हातात खाली लोंबत होता, त्याचा उजेड त्याच्या बुटांवर पडला होता. त्या उजेडात मावशीला ठिपका दिसत होता. लाल. लाल. लाल. मग पिवळा.

मग हिरवा.

तीनशे एकेचाळीस. रिकामी.

सिस्टिमवाल्यानं टॅबलेट उचलून ग्रंथपालांना दाखवायला हवा होता. त्यानं तो उचलला नाही. ग्रंथपालांनी ठिपका पाहिला, कारण त्यांची नजर एकदा खाली गेली आणि वर आली. पुढचा प्रश्न काय असायला हवा हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. तो विचारला जाईपर्यंत थांबायला मावशीला जागा होती. कदाचित तो विचारलाही जाणार नव्हता.

"सर," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, इतका तो सरळ होता. "आधीच्या तिन्ही वेळा मी वर आलेच नव्हते. खालूनच दाबलं होतं."

ग्रंथपालांनी मान वळवली नाही. मुलीवरची नजर त्यांनी काढली नाही. फक्त खिशावरचा हात थोडा उचलला आणि ओठांपाशी नेला.

"हळू बोला, बाई," ते म्हणाले.